खेळाच्या बाई निवृत्त झाल्या. मुलींचा खो-खो संघ टिकवायचा कसा?

आडगावनाका

नमस्कार मंडळी. फिरवून न विचारता सरळ विचारतो. मुलगी आठवीत आहे, पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत. पाचवीपासून खो-खो खेळते. शाळेतल्या खेळाच्या बाई मे अखेरीस निवृत्त झाल्या आणि जागा अजून रिकामीच आहे. मुख्याध्यापिका म्हणतात, संस्थेकडे प्रस्ताव गेलाय. तोवर चार्ज चित्रकलेच्या सरांकडे. सर भला माणूस, पण शिट्टी गळ्यात घालून झाडाखाली उभे राहतात, यापलीकडे ते तरी काय करणार? सकाळचा सराव बंद झालाय. गेल्या वर्षी पंधरा-सोळा मुली यायच्या, आता निम्म्याही येत नाहीत. नववीतल्या तर सगळ्याच गळाल्या.

बायको म्हणते, क्लबला टाका. हिरावाडीकडे एक क्लब आहे म्हणे. मी अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. रोजची ने-आण जमणार नाही. मुलगी म्हणते, मैत्रिणी येणार असतील तरच जाईन. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. शाळेतच काही करता येईल का, की नवीन बाई येईपर्यंत थांबायचं? कुणी शाळेत खेळलेलं असेल तर सांगा.

निवृत्त_मास्तर

थांबू नका. निफाड तालुक्यात माझी सगळी नोकरी शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली. रिकामी जागा भरायला किती काळ लागतो हे आतून पाहिलंय. तोवर तुमची मुलगी दहावी होईल.

कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे: सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त विद्यार्थी असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. म्हणजे कागदावर माणूस मिळेलही, पण अंशकालीन माणूस सकाळी साडेसहाला मैदानावर येत नसतो. पूर्णवेळ खेळाचा शिक्षक असला तरी त्याला प्रार्थनेची रांग, गणवेशाची तपासणी, निवडणुकीचं काम आणि गैरहजर शिक्षकाचा तास, हे सगळं आधी. खेळ उरलेल्या वेळात.

दोन गोष्टी आत्ताच बघा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. महापालिका क्षेत्रातून विभाग, मग राज्य. प्रवेश शाळेच्या नावाने, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने जातो. क्लबकडून तिथे खेळता येत नाही. म्हणून क्लबला घातलंत तरी शाळेचा संघ मरू देऊ नका. दुसरं, मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत शिक्षिका लागते. कोण जाणार ते आजच ठरवून ठेवा. आदल्या रात्री कुणी शिक्षिका तयार नाही म्हणून घरी बसलेले संघ मी पाहिलेत.

डबलबेल

दादा, मीही पंचवटीतच शिकले. शाळा कुठली ते इथे लिहीत नाही. १९९८ ला पाचवीत आले, २००४ ला दहावी. आता एसटीत वाहक आहे. सटाण्याची फेरी करून आत्ताच आलेय, पाय गरम पाण्याच्या बादलीत आणि फोन हातात. लांबलं तर गोड मानून घ्या.

आमच्या बाईंचा विषय निघाला की लोक पहिलं विचारतात, मेडलं किती? राज्य आम्ही एकदाही जिंकलो नाही. विभागात चांगल्या खेळायचो आणि हरून यायचो. तरी मुलींच्या खेळासाठी नाशकात कुणी काय केलं असं कुणी विचारलं तर मी आधी बाईंचं नाव घेईन.

बाई शाळेत आल्या तेव्हा मैदान होतं कुठे? इमारतीच्या मागे एक मोकळी जागा, खो-खोचं एक मैदान जेमतेम मावेल एवढी, आणि तिथे शिक्षकांच्या स्कूटरी. बाई सकाळी फक्कीने मैदान आखायच्या, अकरापर्यंत चाकांनी पुसून जायचं. दुसऱ्या दिवशी परत आखायच्या. भांडल्या नाहीत, अर्ज दिला नाही, नुसतं आखत राहिल्या. शेवटी मुख्याध्यापकांनाच लाज वाटली असावी, गाड्या पुढच्या दाराला लावायची सूचना निघाली. हे मी मोठ्या मुलींकडून ऐकलेलं. मी आले तोवर मैदान आमचं झालं होतं.

पण मला सांगायचंय ते याच्याही पुढचं. खो-खो शिकवणारे पुष्कळ मिळतील. पोलवर सूर कसा मारायचा, बसल्या जागी वजन कुठल्या पायावर ठेवायचं म्हणजे खो मिळाल्या मिळाल्या उठता येतं, हे क्लबवाले शिकवतील, बाईंपेक्षा चांगलं शिकवतील. मुलींचे संघ मोडतात ते मैदानाबाहेर. आणि बाईंचं निम्मं काम तिथेच चालायचं.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल. रविवारी दुपारी बाई लुनावरून घरी आल्या. चहा घेतला. तुमची मुलगी किती गुणाची आहे वगैरे एक अक्षर नाही. पिशवीतून वही काढली आणि आईला विचारायला लागल्या: घरून किती वाजता निघावं लागेल, तेव्हा अंधार असतो का, वाटेत दुसऱ्या कुठल्या मुलीचं घर लागतं, शेजारी फोन कुणाकडे आहे, सकाळी पोटात काय जातं. वडील मध्येच म्हणाले, "हातपाय मोडला तर उद्या लग्न कोण करील हिच्याशी?" बाई म्हणाल्या, "मोडला तर प्लास्टर मी घालून आणीन. लग्नाचं तुम्ही बघा, ते माझ्या कामात नाही." वडील हसले. आमच्या घरात वडील हसले की परवानगीच.

त्या वहीत वाटा होत्या. पेठ नाक्याची वाट, दिंडोरी रोडची, मखमलाबादची, फुलेनगरची. प्रत्येक वाटेला एक मोठी मुलगी. ती शेवटच्या घरापासून हाका मारत यायची आणि एकेक जण सामील होत शाळेपर्यंत घोळका व्हायचा. एखादी दिसली नाही तर का नाही, हे त्या मोठीने बाईंना सांगायचं. आजारी असेल तर ठीक. "घरचे नको म्हणतात" असं असेल तर येत्या रविवारी लुना त्या दारात. २००३ च्या सिंहस्थात पर्वणीला पंचवटीत मुंगी शिरायला जागा नव्हती, रस्ते बंद, शाळा बंद. तेव्हा वाटेवाटेच्या मुलींनी आपापल्या भागात एकत्र पळून घ्यायचं, हे आम्ही आमचंच ठरवलं. बाईंना नंतर कळलं.

आता बायकांचं लिहिते, पुरुषांनीही वाचा. सराव साडेसहाला सुरू, शिपाई येणार दहाला, तोवर मुलींच्या संडासाला कुलूप. म्हणजे दोन तास पळायचं आणि पाण्याला शिवायचं नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठे? कितीतरी मुली याच एका कारणाने सोडून गेल्या असतील. घरी हे कारण सांगताही येत नाही, मग "मला आवडत नाही" म्हणून सांगायचं. बाईंनी किल्ली मागितली. उत्तर आलं, चोरी झाली तर जबाबदार कोण? बाईंनी कागदावर लिहून दिलं, मी. ती किल्ली लाल नाडीत ओवून कर्णधाराच्या गळ्यात असायची. आमच्याकडे कर्णधारपद सगळ्यात चांगली खेळणारीला मिळायचंच नाही, सगळ्यात आधी येणारीला मिळायचं. त्यापायी एक-दोन सामने आम्ही घालवले असतील, पण दार उघडं असायचं.

प्रथमोपचाराच्या डब्यात पट्ट्या, आयोडीन आणि पॅड. पाळी असताना खेळायचं की नाही हे जिचं तिने ठरवायचं, पण घरी बसायचं नाही. खेळणार नसेल तिने स्टॉपवॉच घेऊन गुणलेखन करायचं. कोण किती वेळ पळाली, कुणी कुणाला टिपलं, सूर मारून की पोलवर, सगळं तक्त्यात. यातून झालं काय, संघातल्या प्रत्येकीला गुणपत्रक भरता यायला लागलं, नियम तोंडपाठ झाले, आणि काही जणी पुढे परीक्षा देऊन पंच झाल्या. आमच्या वेळी मुलींच्या सामन्याला सगळे पुरुष पंच. आता छत्रपती शिवाजी स्टेडियमवर शालेय स्पर्धा असली की आमच्यातली एखादी शिट्टी घेऊन उभी दिसते. बाईंच्या मनात हे आधीपासून होतं की होत गेलं, देव जाणे.

आणि दहावी. तुमच्या शाळेतल्या नववीच्या मुली गळाल्या म्हणता, ते सगळीकडे असंच. बाई दहावीच्या मुलीला सोडायच्याच नाहीत. तिचा सराव निम्मा करायच्या आणि पाचवीच्या मुली तिच्या हवाली करायच्या. घरच्यांना उत्तर म्हणून गणिताच्या सरांना पटवलं होतं, सरावानंतर अर्धा तास वर्गात. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याचा अर्ज शाळेमार्फत जातो, हे त्या प्रत्येक घरी सांगायच्या आणि तारीख स्वतः लक्षात ठेवायच्या. वडिलांना मेडलापेक्षा ते गुण पटकन कळायचे.

देवी नव्हत्या हो बाई. उशीर झाला की वेणी ओढायच्या. तेव्हाही मला ते पटलं नाही आणि आज माझ्या मुलीची कुणी ओढली तर मी शाळेत जाऊन भांडेन. आमच्यात एक खरोखरची पळणारी होती. तिला धावण्याच्या स्पर्धेला सोडलं नाही, का तर खो-खोचा संघ पडेल. तो अन्यायच होता.

तर दादा, क्लबचं नंतर. आधी किल्ली मिळवा, मुलींच्या वाटा जुळवा, आणि नववीच्या मुलींच्या घरी वहिनींना पाठवा. तुम्ही नका जाऊ, पुरुष माणूस दारात आला की आया बोलत नाहीत.

ट्रॅकसूट

ताई, वाचायला छान वाटलं. पण खेळात शेवटी निकाल बोलतो. नाशिकचं नाव मुलींच्या खेळात मोठं झालं ते कशामुळे? सावरपाड्याची कविता राऊत विजेंदर सिंग सरांकडे तयार झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १० हजार मीटरला कांस्य, राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य. २०१६ ला रिओत मॅरेथॉन. पाठोपाठ चांदवडकडची संजीवनी जाधव, २०१७ ला भुवनेश्वरच्या आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत ५ हजार मीटरला कांस्य. एक जाणता प्रशिक्षक, रोजचा शिस्तीचा सराव, बरोबरीच्या मुली. याला वारसा म्हणतात. क्रिकेटमध्ये सिन्नरची माया सोनवणे बघा. शाळेच्या बाई कितीही प्रेमळ असल्या तरी मुलीत गुण असेल तर ती वर्षं परत येत नाहीत. क्लबला टाका.

डबलबेल

प्रेमळ कोण म्हणालं? वेणी विसरलात.

कविताताईचं घेतलंत ते बरं केलंत. ती दिल्लीत धावली तेव्हा आमच्या गल्लीत टीव्हीसमोर बायका जमल्या होत्या. विजेंदर सरांबद्दल मी काय बोलणार, माझी तेवढी लायकी नाही. पण जाणत्या प्रशिक्षकासमोर मुलगी उभी राहिली की पुढचं सगळं तुम्ही म्हणता तसंच. मी बोलतेय ते त्याच्या आधीचं. गुण आहे की नाही हे कळायला मुलगी चार वर्षं मैदानावर टिकायला तर हवी! आठवीत जिला घरी बसवलं तिच्यात काय होतं हे कुणाला कधी कळणार?

आणि ज्यांच्यात तेवढा गुण नाही त्यांनी खेळायचंच नाही का? आमच्या संघातली कुणीही भारताकडून खेळली नाही. मी तर राखीवमध्येच जास्त बसलेय. पण एसटीच्या भरतीला अर्ज केला तेव्हा घरून "नको" आलं नाही. पहाटे अंधारात घराबाहेर पडणारी आणि नीट परत येणारी मुलगी त्यांनी शाळाभर पाहिलेली होती. माझ्या धाकट्या बहिणीला तर कुणी विचारलंही नाही, तिची वाट आपोआप मोकळी. आज शेवटची गाडी घेऊन रात्री डेपोत येते तेव्हा नवरा विचारतो, जेवलीस का? उशीर का झाला, असं नाही विचारत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तो सामना मी डेपोत मोबाइलवर पाहिला. चार ड्रायव्हर मागे उभे. मॅटवरचा वेगवान खेळ, आमच्या मातीतल्यापेक्षा निराळा. त्यांना काही कळेना, मग मी बसून समजावत होते, आता ही का उठली, तिला का बाद दिलं. एक जण म्हणाला, मॅडम, तुम्ही पंच व्हायला हव्या होत्या. म्हटलं, परीक्षा राहिली, नियम नाही राहिले.

आडगावनाका

सगळ्यांचे आभार. डबलबेल ताई, काल किल्लीचं विचारायला गेलो. शब्दाला शब्द तेच उत्तर मिळालं, चोरी झाली तर जबाबदार कोण? मला हसूच आलं. मी लिहून देतो म्हणालो, तर पालक चालणार नाही, कर्मचारी पाहिजे. चित्रकलेचे सर शेजारीच उभे होते. त्यांनी खिशातलं पेन काढून सही केली. मी त्यांच्याबद्दल वर जे लिहिलंय ते त्यांनी वाचू नये.

बायको नववीच्या तीन मुलींच्या घरी जाऊन आली. दोन तयार आहेत. तिसरीची आजी अडून बसलीय, मुलगी मोठी झाली आता, म्हणते. बाहेरच्या सामन्यांना विज्ञानाच्या मॅडम सोबत यायला तयार आहेत, फक्त नाशिक सोडून मुक्कामाला नाही. सकाळी सर गेट उघडतील. पण शिकवणार कोण? आणि मैदानाच्या खुणा पावसात वाहून गेल्यात.

डबलबेल

आजींचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. आजींशी बोलायचं कसं ते मला येतं, दिवसभर गाडीत तेच करते.

शिकवायला माझ्याबरोबर खेळलेली एक आहे, आता पंच असते. आठवड्यात दोन सकाळी येईन म्हणाली. तिचा रिक्षाचा आणि चहा-नाश्त्याचा खर्च पालकांनी मिळून द्या, फुकट राबवू नका. खेळाचं काम बाईमाणसाने हौसेनं करावं, असं लोक धरून चालतात. उरलेल्या दिवशी नववीच्या दोघींनी लहान मुलींना घ्यायचं. सुरुवातीला नुसतं पळणं आणि बसून उठणं, लगेच सामने लावू नका, गुडघे धरतील.

मोठ्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर. तेवढी जागा नसेल तर सरावाला लहान आखा, पण दोन खांब पक्के रोवलेले हवेत, हलणाऱ्या खांबावर सूर मारला की मनगट जातं. दोरी, मोजपट्टी आणि फक्की घेऊन ठेवा. येत्या रविवारी मला साप्ताहिक सुट्टी आहे, साडेसहाला गेटवर येते. कोरी गुणपत्रकं झेरॉक्स करून आणा, पंचवीस तरी. आणि चित्रकलेच्या सरांना सांगा, रेषा सरळ मारायला त्यांच्याइतका चांगला माणूस शाळेत नसेल.

निवृत्त_मास्तर

फक्की म्हणून कुणी चुना गळ्यात मारला तर घेऊ नका. स्वस्त पडतो म्हणून शाळा आणतात, आणि सूर मारताना डोळ्यात गेला की मुलगी थेट दवाखान्यात. दुकानदाराला मैदान आखायची फक्की म्हणूनच मागा. शिवाय पाऊस आहे तोवर सगळं मैदान आखण्यात अर्थ नाही, मधली पाटी आणि दोन्ही खांबांच्या रेषा तेवढ्या मारा.